फॉन्टहिलचे पत्र : धर्मपिता, राजाधिकारी आणि एक चोर

इंग्लंडमधील कँटरबरी कॅथीड्रलच्या संग्रहात चर्मपत्राचे एक सुटे पान जपून ठेवलेले आहे. त्यावरचा मजकूर जुन्या इंग्रजीत असून तो म्हणजे एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आपल्या राजाला लिहिलेले पत्र होय. राजा आहे वेसेक्सचा थोरला एडवर्ड, कारकीर्द ८९९ ते ९२४. पत्र बहुधा ९२० च्या सुमाराचे असावे. विषय अगदी रुक्ष : विल्टशायरमधील फॉन्टहिल या गावच्या पाच हाईड जमिनीची मालकी. (हाईड म्हणजे एका कुटुंबाचा निर्वाह होईल एवढी जमीन.) आजवर हे पत्र वाचले ते मुख्यतः इतिहासकारांनी. डोरोथी व्हाइटलॉक यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साधनग्रंथात त्याचा इंग्रजी अनुवाद दिला, सायमन कीन्स यांनी १९९२ मध्ये त्यावर विस्तृत निबंध लिहिला. कायद्याचा इतिहास, शपथेची पद्धत, जप्तीचे नियम यांसाठी हे पत्र सोन्याची खाण मानले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु मला ते वाचताना वेगळीच जाणीव झाली. एक माणूस आपली बाजू मांडण्यासाठी गोष्ट सांगत आहे, आणि त्या गोष्टीतून त्याला सांगायचे होते त्याहून बरेच अधिक बाहेर पडत आहे. अशा लेखनाकडे साहित्य म्हणून पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात तेच करण्याचा प्रयत्न आहे.

पत्रातील माणसे समजण्यासाठी त्या काळच्या कारभाराची थोडी ओळख आवश्यक आहे. अँग्लो-सॅक्सन राज्याचे विभाग म्हणजे ‘शायर’, त्यांचे पोटविभाग पुढे ‘हंड्रेड’ या नावाने स्थिरावले. शायरवर राजाचा प्रतिनिधी म्हणून जो मोठा सरदार असे त्याला ‘ईल्डॉरमन’ म्हणत. नगरपालिकांच्या इतिहासात भेटणारा ‘आल्डरमन’ हा शब्द त्याचाच वंशज. त्याच्या खाली राजाच्या मिळकतीची व्यवस्था पाहणारा, दंड वसूल करणारा, ठरावीक दिवशी सभा भरवून निवाडे करविणारा अधिकारी म्हणजे ‘रीव्ह’. एडवर्डच्याच कायद्यात प्रत्येक रीव्हने दर चार आठवड्यांनी सभा भरवावी, असा हुकूम आहे. पुढे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा एडगरच्या कायद्याने शायरची सभा वर्षातून दोनदा भरविण्याचे व तीत बिशप आणि ईल्डॉरमन या दोघांनीही हजर राहण्याचे ठरले : एकाने देवाचा कायदा सांगायचा, दुसऱ्याने लोकांचा. अकराव्या शतकाच्या आगेमागे संपूर्ण शायरचा रीव्ह, म्हणजे ‘शायर-रीव्ह’, ठळकपणे दिसू लागतो. मुंबईकरांच्या कानावरून गेलेला ‘शेरीफ’ हा शब्द त्यातूनच आला. रीव्ह म्हणजे आपला पाटील वा मामलेदार, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. पाटीलकी हे वंशपरंपरागत वतन होते. रीव्ह मात्र राजाच्या मर्जीवर असे, आणि ही मर्जीच या पत्राच्या केंद्रस्थानी आहे.

रीव्ह हा काही सुखाने बसून खाणारा हुद्देदार नव्हता. डॉर्चेस्टरचा बेअडुहर्ड नावाचा रीव्ह आठव्या शतकाच्या अखेरीस किनाऱ्यावर आलेली परकी गलबते व्यापाऱ्यांची समजून त्यांतील लोकांना राजाच्या गावी नेण्यास गेला. ते उत्तरेकडचे लुटारू निघाले आणि त्यांनी त्याला ठार केले. एथेलवेअर्डच्या बखरीत त्याचे नाव राहिले आहे. कर्तव्य बजावताना मेलेल्या या कारकुनी वृत्तीच्या माणसाविषयी मला नेहमी आदर वाटत आला आहे.

आता पत्राकडे वळू. लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव सरळ दिलेले नाही. परंतु तो विल्टशायरचा ईल्डॉरमन ऑर्डलाफ असावा, यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे आणि मीही ते गृहीत धरतो. एथेल्म हिगा नावाचा गृहस्थ फॉन्टहिलच्या जमिनीवर पुन्हा दावा सांगू लागला आहे. तेव्हा हा वाद पूर्वीच कसा मिटला होता हे ऑर्डलाफ राजाला कळवितो. त्यासाठी तो वीसएक वर्षे मागे, एडवर्डचे वडील राजा आल्फ्रेड यांच्या काळात जातो.

कथेचा नायक, नायक म्हणावे असा तो नाही तरी, हेल्मस्टान नावाचा एक जमीनदार. त्याने कोणा एथेलरेडचा कमरपट्टा चोरला. चोरी ठरल्याबरोबर हिगा आणि इतर दावेदार त्याच्यावर तुटून पडले, कारण चोर ठरलेल्याच्या शपथेला किंमत उरत नसे आणि ज्याची शपथ गेली त्याची जमीनही जाण्याच्या मार्गावर असे. तेव्हा हेल्मस्टान धावत आला तो ऑर्डलाफकडे. का? याचे उत्तर पत्रात एकाच वाक्यात आहे, आणि आपल्यासारख्या वाचकांना ते थबकवून सोडते : या गुन्ह्याच्या फार आधी ऑर्डलाफने त्याला बिशपांच्या हातून स्वीकारले होते. म्हणजे दृढीकरणाच्या संस्कारात ऑर्डलाफ त्याचा धर्मपिता झाला होता.

दृढीकरणाच्या वेळी आपणही कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून उभे राहतो. त्यानंतर किती धर्मपित्यांना त्या मुलाची आठवण राहते, हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. ऑर्डलाफला राहिली. त्याने धर्मपुत्रासाठी राजाकडे रदबदली केली आणि आल्फ्रेडने, ज्याच्या आत्म्यासाठी ऑर्डलाफ लिहिता लिहिता कृतज्ञतेची प्रार्थना करतो, हेल्मस्टानला पुन्हा कायद्याने बाजू मांडण्याचा हक्क दिला. समेट घडविण्यासाठी काही मंडळी नेमली गेली. त्यांनी सनदा वाचल्या. एथेल्थ्रिथ नावाच्या स्त्रीला लग्नात मिळालेली ही जमीन तिने योग्य किंमत घेऊन विकली होती, हे कागदावरून दिसले. मंडळींचे मत हेल्मस्टानकडे झुकले : त्याने शपथ घ्यावी आणि जमीन राखावी. हिगाला ते पटेना. तेव्हा सगळे राजाकडे गेले.

येथे पत्रात असे एक दृश्य येते की, ते वाचल्यावर कायद्याच्या इतिहासाचे विद्यार्थीही क्षणभर कायदा विसरत असतील. आल्फ्रेड राजा वॉर्डर येथे आतल्या दालनात उभा राहून हात धूत होता. हात धुऊन झाल्यावर त्याने हिगाला विचारले की, या मंडळींचा निवाडा तुला न्याय्य का वाटत नाही? स्वतः राजाला त्याहून न्याय्य असे काही सुचत नव्हते. एवढेच. सिंहासन नाही, दरबार नाही, भालदार-चोपदार नाहीत. हात धुण्याचा हा तपशील दाव्याच्या दृष्टीने पूर्ण अनावश्यक आहे. तो तेथे आहे कारण लिहिणारा तेथे होता आणि वीस वर्षांनंतरही त्याला ते आठवत होते. किंवा, जरा संशयाने पाहिले तर, तो तेथे आहे कारण आपण तेथे होतो हे मुलाला, म्हणजे एडवर्डला, ठसविणे लिहिणाऱ्याला हवे होते. मला दोन्ही कारणे खरी वाटतात. आल्फ्रेडचा चरित्रकार बिशप असर सांगतो की, राजा निवाडे स्वतः तपासून पाही आणि चुकलेल्या अधिकाऱ्यांना वाचायला शिका नाहीतर पद सोडा असे बजावी. म्हातारपणामुळे ज्यांना ते जमेना ते मुलाकडून वा नातलगाकडून इंग्रजी पुस्तके वाचून घेत. असरच्या त्या प्रकरणात राजा आदर्शाच्या चौकटीत बसविलेला आहे. ऑर्डलाफच्या पत्रात त्याचे हात ओले आहेत. मला दुसरा अधिक विश्वासार्ह वाटतो.

यानंतरचा भाग मात्र अवघड आहे, आणि पत्राविषयी जो प्रेमळ सूर काही वेळा लावला जातो त्याला माझी हरकत येथूनच सुरू होते. शपथेची तारीख ठरली. हेल्मस्टान पुन्हा धर्मपित्याकडे आला. शपथ पार पाडण्यास मदत करा, ती फसण्यापेक्षा मी जमीन तुम्हालाच देईन, असे त्याने सांगितले. ऑर्डलाफ लिहितो की, आपण न्यायासाठी मदत करू, अन्यायासाठी कदापि करणार नाही, असे त्याला बजावले. आणि त्याच दमात येते ती अट : जमीन आपल्याला मिळावी. हेल्मस्टानने तसे वचन दिले. ठरल्या दिवशी सारे घोड्यांवरून गेले, शपथ पूर्ण झाली, वाद मिटला असे सर्वांनी म्हटले. सनद ऑर्डलाफच्या हाती आली. त्याने मोठ्या मनाने, असे त्याच्या सांगण्याच्या स्वरावरून वाटते, हेल्मस्टानला ती जमीन हयातीपुरती वापरू दिली. अट एकच, त्याने पुन्हा बदनामीचे काम करू नये.

आता हिशेब पाहावा. चोर ठरलेला माणूस शायरच्या सर्वोच्च अधिकाऱ्याकडे येतो. अधिकाऱ्याच्या शब्दाने त्याची पत परत येते, अधिकाऱ्याच्या पाठिंब्याने त्याची शपथ टिकते, आणि शेवटी जमीन असते अधिकाऱ्याची. ‘न्यायासाठी, अन्यायासाठी नाही’ हे शब्द खोटे आहेत असे मी म्हणत नाही. सनदा खऱ्या होत्या आणि हेल्मस्टानची बाजू बहुधा न्याय्यच होती. पण ज्याची बाजू न्याय्य आहे त्याला ती सिद्ध करण्यासाठी पाच हाईड जमीन का द्यावी लागावी? पत्राच्या रचनेत धर्मपित्याचे नाते आधी येते, भरपूर जागा घेते. जमिनीचा व्यवहार नंतर, ओघात, जणू त्या नात्याचाच पुढचा भाग म्हणून येतो. हा क्रम घटनांचा आहे हे खरे. पण पाच वाक्यांनी एखादी गोष्ट सांगायची आणि दुसरी अर्ध्या वाक्यात उरकायची ही निवड लेखकाची असते. ऑर्डलाफ हा वाईट माणूस होता असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि म्हणूनच तो काढू नये असे मला वाटते. त्या काळी अधिकाऱ्याला वेतन नव्हते. आश्रय देणे आणि आश्रयाचे मोल घेणे यांत त्या समाजाला विसंगती दिसत नव्हती. तरीही ऑर्डलाफला थोडे अवघडल्यासारखे झाले असावे. नाहीतर ‘अन्यायासाठी नाही’ हे कोणी न विचारता सांगण्याची त्याला गरज नव्हती.

दीड-दोन वर्षे गेली. मग हेल्मस्टानने फॉन्टहिल येथे कोणी राखणीला नसलेले बैल चोरले आणि चिकलेडकडे हाकले. मागावर आलेल्या माणसाने बैल सोडविले. पळताना एका काटेरी झुडपाने त्याच्या तोंडावर ओरखडा काढला. पुढे तो नाकबूल करू लागला तेव्हा हाच ओरखडा त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून सांगण्यात आला. पहिल्या वेळी सनदा होत्या, साक्षीदार होते, शपथ होती, राजा होता. दुसऱ्या वेळी एक काटा पुरला. लेखकाने यावर एक शब्दही भाष्य केलेले नाही, आणि ते न करण्यात या पत्राचे सामर्थ्य आहे.

आता प्रवेश होतो तो ईनवुल्फ नावाच्या रीव्हचा. त्याने येऊन टिस्बरी येथील हेल्मस्टानची सारी मालमत्ता ताब्यात घेतली. ऑर्डलाफने त्याला विचारले की, असे का केलेस? रीव्हने उत्तर दिले : तो चोर आहे, आणि तो राजाचा माणूस असल्याने त्याची मालमत्ता राजाकडे गेली आहे. पत्रातील हा सर्वांत छोटा संवाद, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. हुद्द्याने ईनवुल्फ कितीतरी खालचा. समोर शायरचा ईल्डॉरमन उभा आहे, ज्याच्या धर्मपुत्राचे घर तो मोकळे करीत आहे. तरी त्याच्या उत्तरात नमते घेणे नाही, उर्मटपणाही नाही. एक कारण गुन्ह्याचे, दुसरे अधिकाराचे. ऑर्डलाफने प्रत्युत्तर काय दिले ते पत्रात नाही. त्याने एवढेच केले की, फॉन्टहिलची जमीन हेल्मस्टानकडे फक्त वापरायला होती, मालकी आपली होती, म्हणून ती जप्त होऊ शकत नाही, या मुद्द्यावर ती परत ताब्यात घेतली. म्हणजे राजाचा एक अधिकारी राजासाठी जप्त करीत होता त्याच वेळी दुसरा अधिकारी स्वतःसाठी वाचवीत होता, आणि दोघेही कायद्यानेच वागत होते. स्थानिक कारभारात राजसत्ता म्हणजे नेमके काय असते, हे मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा मला या दोन वाक्यांतून अधिक कळले. ईनवुल्फ पुढे पत्रात येत नाही.

एडवर्ड राजाने हेल्मस्टानला कायद्याबाहेर घोषित केले. मग तो कोठे गेला? विंचेस्टरला, आल्फ्रेडच्या समाधीकडे. तेथे त्याने काय केले हे ऑर्डलाफ सांगत नाही. परत आला तो एक मुद्रा घेऊन. ऑर्डलाफ तेव्हा चिपनहॅमला राजासोबत होता. ती मुद्रा त्याने राजाच्या हाती दिली आणि राजाने शिक्षा मागे घेऊन हेल्मस्टानला राहण्यास जागा दिली. ज्या राजाने एकदा हात धुता धुता त्याला न्याय दिला होता त्याच्याच कबरीपाशी तो दुसऱ्यांदा चोरी करून गेला. हे केवळ युक्ती म्हणून गेला की पश्चात्तापाने, हे ठरविण्याचा अधिकार वाचकाला नाही. पत्र लिहिणाऱ्यानेही तो स्वतःकडे घेतलेला नाही. पण एक गोष्ट निसटू नये. या वेळी ऑर्डलाफला मिळण्यासारखे काहीच उरले नव्हते. जमीन त्याच्याकडे आलीच होती. तरी त्याने ती मुद्रा हातोहात पोचविली. वर मी जो हिशेब मांडला त्यात ही नोंद जमेच्या बाजूला टाकली नाही तर तो हिशेब खोटा ठरेल.

त्यानंतर ऑर्डलाफने फॉन्टहिल विंचेस्टरच्या बिशपांना देऊन त्याबदल्यात लिडियार्डची जमीन घेतली. म्हणजे हिगा जिंकला असता तर बिशपांची जमीन जाती आणि अदलाबदलीचा प्रश्न ऑर्डलाफच्या दारी येता. पत्र लिहिण्यामागे हेही कारण असणार. पत्रात तो राजाला विचारतो की, पैसे देऊनही मिटत नाही आणि शपथ घेऊनही मिटत नाही, तर मग वाद कधी मिटणार? प्रश्न रास्त आहे. जमिनीच्या वादात पिढ्या घालविलेल्या कोणत्याही कुटुंबाला तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

या पत्राशेजारी दुसरा एक लेख ठेवून पाहण्यासारखा आहे. शंभर वर्षांनंतरचा, राजा कनूटच्या काळातला (१०१६–१०३५). हेरफर्ड कॅथीड्रलच्या शुभवर्तमानाच्या हस्तलिखितातील मोकळ्या जागेत तो नोंदविला आहे. एडविन नावाच्या माणसाने शायरच्या सभेत आपल्या सख्ख्या आईविरुद्ध जमिनीचा दावा लावला. सभेत बिशप अ‍ॅथेलस्टान होते, ईल्डॉरमन रानिग होता, शेरीफ ब्रायनिंग होता, राजाच्या कामासाठी आलेला टोफी होता. बिशपांनी विचारले की, आईच्या वतीने कोण बोलणार? तिच्या नातलग स्त्रीचा नवरा थर्किल म्हणाला की, दाव्याची माहिती असती तर मी बोललो असतो. तेव्हा तीन थेन, म्हणजे मानकरी, घोड्यांवरून तिच्याकडे पाठविले गेले. ती मुलावर भयंकर संतापली. त्याच्या हक्काची एक तसूही जमीन आपल्याकडे नाही, असे सांगून तिने जवळ बसलेल्या लेओफ्लेडला, थर्किलच्या बायकोला, आपल्या पश्चात जमीन, सोने, कपडे सारे काही देऊन टाकले, मुलाला काहीही नाही, आणि हे सभेत जाऊन सांगा असे त्या तिघांना बजावले. सभेने मान्य केले. थर्किल कॅथीड्रलमध्ये गेला आणि सर्वांच्या संमतीने ही नोंद पवित्र ग्रंथात करवून घेतली.

कलेच्या दृष्टीने हा लेख फॉन्टहिलच्या पत्राहून सरस आहे असे कोणी म्हणेल, आणि आईच्या रागाचा तो प्रसंग विसरता येत नाही हे मलाही मान्य आहे. पण त्यात राजाचे अधिकारी नुसते बसलेले आहेत. शेरीफचे फक्त नाव आहे, प्रश्न विचारतात ते बिशप. नोंद लाभार्थ्याने करवून घेतली आहे, तेव्हा एडविनची बाजू काय होती हे आपल्याला कधीच कळणार नाही. तिच्या संतापाने आपण भारावून जातो आणि हे विचारायचे विसरतो. फॉन्टहिलचे पत्रही एकतर्फीच, पण त्याचा लेखक स्वतःच्या गोष्टीत अडकलेला आहे, म्हणून त्याच्या शब्दांच्या फटींतून दुसरी बाजू दिसत राहते.

रीव्ह लोकांविषयी त्या काळचे सर्वांत कठोर शब्द यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्टान (मृत्यू १०२३) यांचे आहेत. समाजातील प्रत्येक घटकाच्या कर्तव्याविषयी लिहिताना ते म्हणतात की, ज्यांनी ख्रिस्ती लोकांचे मेंढपाळ व्हावे ते आता लुटारू झाले आहेत, आणि एडगर गेल्यापासून प्रामाणिकांपेक्षा लुटारूच जास्त आहेत. प्रवचन म्हणून हे प्रभावी आहे. मात्र सगळे रीव्ह एका वाक्यात बसविले की त्यांतला एकही डोळ्यांसमोर उभा राहत नाही. ईनवुल्फचे नाव आठवते, कारण तो ना मेंढपाळ आहे ना लुटारू. तो टिस्बरीच्या एका वाड्यात उभा राहून मालमत्ता मोजत आहे आणि विचारल्यावर कारण सांगत आहे.

पत्राच्या मागील बाजूस नंतर लिहिलेली छोटी नोंद आहे. एथेल्म हिगाने राजा वॉरमिन्स्टर येथे असताना दावा मागे घेतला. साक्षीदारांची नावे पुढे दिली आहेत. त्यांत ऑर्डलाफ आहे, आणि वॉर्डरच्या त्या प्रसंगाआधी समेटासाठी नेमलेल्या मंडळींपैकी विट्बोर्डही आहे. हेल्मस्टानचे नाव त्यांत नाही. राजाने दिलेल्या जागी तो अजून राहतो, असे पत्रात जाता जाता म्हटले आहे. त्याच्याविषयी शेवटचे एवढेच.